ट्रॅक्टरला लागलेला पाय

आज सकाळी शेजारच्या बाईंनी लॉन कापलं. पेट्रोल आणि ओल्या गवताचा वास खिडकीतून आत आला आणि माझ्या उजव्या हाताची दोन वाकडी बोटं ठणकायला लागली.

ऐंशीच्या दशकात मी मिशिगनमध्ये बागेतले छोटे ट्रॅक्टर बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होतो. पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे आमचे ट्रॅक्टर स्वस्त, पत्र्याच्या मालापुढे हरले. कंपनी विकली गेली. नव्या मालकांनी फर्मान काढलं, नमुन्याचे ट्रॅक्टर फोडून टाका, कुणाला नक्कल करता येता कामा नये. हलकट लेकाचे!

मी आणि आमचा फोरमन वॉल्टर, दोघांनी पहिल्याच ट्रॅक्टरवर घण उचलले. हेडलाइट फुटले, बॉनेट चेपलं, गिअरबॉक्समधलं तेल तोंडावर उडालं. तो इंग्रजीत शिव्या देत होता, मी मराठीत. याच ट्रॅक्टरला दर दसऱ्याला मी हळदकुंकू वाहायचो आणि वॉल्टर त्याच्या बागेतला झेंडू घेऊन यायचा.

घाव घालताना माझा पाय बॉनेटला लागला. लहानपणापासूनच्या सवयीनं मी चटकन वाकलो आणि नमस्कार करायला त्याला उजवा हात लावला. त्याच क्षणी वॉल्टरचा घण खाली आला.

माझी किंकाळी ऐकून त्यानं घण भिरकावला आणि मला मिठी मारून तो ढसाढसा रडला. "तू त्याला वाचवायला गेलास!"

मी 'हो' म्हणून मान हलवली. पाय लागला म्हणून वाकलो होतो, हे त्याला कधीच सांगितलं नाही. माझा घण तेव्हाही माझ्या डाव्या हातात होता.