खोळीखालचा मायक्रोस्कोप

परळच्या आमच्या प्रयोगशाळेतल्या शिपायाला सगळे मामा म्हणतात. माणसांशी ते मोजकंच बोलतात, यंत्रांशी मात्र मालवणीत. नमुने गरगर फिरवणारं जुनं यंत्र थरथरू लागलं की त्यावर हात ठेवून म्हणतात, "गप रव रे मेल्या."

विद्यापीठाला संशोधनासाठी सरकारी निधी मिळाला आणि त्यातून मोठा मायक्रोस्कोप आला. तो चालवणाऱ्याच्या पगाराची तरतूद त्यात नव्हती. मायक्रोस्कोप खोळीखालीच राहिला.

खंडेनवमीला मामांनी नेहमीप्रमाणे एकेका यंत्राला कुंकू लावून झेंडूचा हार घातला. मायक्रोस्कोपपाशी थांबले आणि पुढे गेले.

"मामा, हा राहिला."

"राहूदे सर. माझे वडील गिरणीत होते. बंद मागाला हार घालायचे नाहीत ते."

उरलेला हार त्यांनी पिशवीत गुंडाळला आणि नमुन्यांच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवला. "चालू झाला की घालू."

तिथे असलं काही ठेवायचं नसतं. तरी फ्रीजरचं दार मीच लावलं.

दिवाळी झाली, संक्रांतही झाली. नमुने काढायला मी रोज फ्रीजर उघडतो. झेंडू अजून पिवळाधमक आहे.