पांढऱ्या झाकणांचा आकडा

मुरबाडच्या एमआयडीसीत औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी प्लॅनिंगला लागले, तेव्हा तिथे नुकतंच नवं सॉफ्टवेअर आलं होतं. कुठलं झाकण आठवड्याला किती काढायचं, ते कॉम्प्युटर सांगायचा. मी शहापूरहून एसटीने यायची, तो कागद छापायची आणि मशीनवरच्या सुपरवायझरकाकांना द्यायची. काका जवळच्याच गावचे, शेती सांभाळून नोकरी करणारे. ते चष्मा लावत, पांढऱ्या झाकणांचा आकडा खोडत आणि वर मोठा आकडा लिहीत.

"एकदा पांढरी कमी पडली होती गो बाय. ट्रक दिवसभर गेटावर उभा. सगल्यांसमोर बोलणी खाल्ली मी."

"कधी झालं हे?"

"तू शाळेत असशील."

मला राग यायचा. कॉम्प्युटर कोर्स मी केलेला, आणि हे एका जुन्या ट्रकावर अडून बसलेले. काकांनी आकडा वाढवला आणि माल गोदामात पडून राहिला, की मी ते वहीत लिहून ठेवायला लागले. दिवाळीपर्यंत चार पानं भरली. ती मी मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवली.

साहेबांनी काकांना बोलावलं. काकांनी चारही पानं सावकाश वाचली. मग मला विचारलं, "आन माजा आकडा बरोबर आला, ते कुठं लिवलंस?"

तसं एकही पान नव्हतं. त्याच पावसाळ्यात आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत निम्मे कामगार शेतावर गेले होते. तेव्हा काकांनी आधीच जास्त काढून ठेवलेल्या मालावर आमचं निभावलं होतं. माझ्या ते लक्षातसुद्धा आलं नव्हतं. कॉम्प्युटर मात्र सगळी माणसं हजर धरून चालला होता आणि मी त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

साहेब एवढंच म्हणाले, "दोघांनी एकाच वहीत लिहा."

मग आम्ही दर सोमवारी कॉम्प्युटरचा आकडा, काकांचा आकडा आणि वाढवण्याचं कारण लिहायला लागलो. शनिवारी दोघं मिळून बघायचो. पांढरी झाकणं बहुतेक वेळा उरत होती. "नाय, जास्तीच होतात," काकांनी स्वतःच कबूल केलं आणि हात आखडता घेतला.

पुढच्या वर्षी मेअखेरीस ते माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले. कुठल्या गावची आवणी कधी निघते, तिथले किती जण आपल्याकडे आहेत, हे ते सांगत गेले आणि मी ते दिवस सॉफ्टवेअरमध्ये तेवढ्या माणसांची सुट्टी म्हणून भरत गेले.