तात्या सरमंडलांचा बोर्ड

तात्या सरमंडल थोबाडीत मारत नसत. तार जोडताना ज्या बोटाने चूक केली, त्याच बोटावर त्यांची सागवानी पट्टी बसे. दोन तारा उलटसुलट झाल्या, तर दोन बोटांवर. मुलगा ओरडला, तर पुन्हा पहिल्यापासून.

उज्जैनच्या एका कॉलेजात ते पदार्थविज्ञानाचे डेमॉन्स्ट्रेटर होते. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लिलावात निघालेले लष्कराचे बारा फोन त्यांनी कॉलेजला घ्यायला लावले. मग दोन वर्षे स्वतः खपून सागाच्या उंच चौकटीवर बारा लाइनींचा टेलिफोन-बोर्ड उभा केला. बाजारात मिळणारा नव्हे, हाताने केलेला. त्यांचे प्रॅक्टिकल असे असे : आवारातल्या खोल्याखोल्यांतून तारा टाकायच्या, बारा फोन बोर्डाशी जोडायचे आणि कुठूनही कुठेही बोलून दाखवायचे. तास संपताना सगळे सोडवायचे, तारांची भेंडोळी करायची आणि फोन नंबर टाकलेल्या खोक्यांत भरून खोकी दोरीने बांधायची. पुढच्या तुकडीने पुन्हा कोरे काम सुरू करायचे. आयता जोडलेला फोन कुणालाही मिळत नसे. जागेवर राही तो फक्त बोर्ड, आणि त्याला तात्यांशिवाय दुसऱ्याने फडके लावलेलेही चालत नसे.

१९५६ चा ऑक्टोबर आला. पहिल्या नोव्हेंबरला मध्य भारत राज्य मोडून नव्या मध्य प्रदेशात जाणार होता. रोज कुठल्या ना कुठल्या कचेरीची बासने भोपाळला निघत होती. कॉलेजातलेही चांगले सामान जाणार अशी आवई उठली आणि मुलांनी हरताळ केला. तशात कुणी तरी प्रयोगशाळेच्या खिडकीतून आत पाहिले. नंबर टाकलेली, दोरीने बांधलेली बारा खोकी भिंतीशी रचून ठेवली होती. ती रोजच तशी असत; पण पाहणारा तात्यांच्या वर्गातला नव्हता.

वर्गातला होता तो माणिकलाल. भैरवगढच्या कापड छापणाऱ्या छिप्याचा मुलगा; नखांतला लाल रंग कधी जात नसे. हात असा की अंधारातही सांधा बरोबर बसवील. त्याच्या उजव्या हाताची तर्जनी ऑगस्टमध्ये तात्यांच्या पट्टीने मोडली होती. खोकी रोज बांधतात हे तो सगळ्यांना सांगू शकला असता. सांगितले नाही. उलट तोच चौघांना घेऊन विचारायला आला.

"मास्साब, माल भोपाल जा रिया है क्या?"

"कोण विचारतंय? तू, की तुझं बोट?"

बरोबरची पोरे हसली. माणिकलाल हसला नाही.

"बोर्ड भी जाएगा?"

"दुखत असेल तर हळद लाव. चल, निघ."

माधवनगरातल्या घरी ही बातमी तात्यांच्या आधी पोचली. जेवताना त्यांच्या पत्नी वासंतीकाकू म्हणाल्या, "एक वाक्य बोलायचं होतं. खोकी रोजच भरतो म्हणावं, झालं."

"मी पोरांना जाब देऊ?"

"जाब कसला? बोर्ड फोडतील ते."

"हात लावून बघू देत."

"लावला तर काय कराल तुम्ही एकटे?"

तात्यांनी ताटात पाणी सोडले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते प्रयोगशाळेत गेले. दाराला लाकडी चौकटीत बसवलेली लोखंडी जाळी होती, ती आतून लावून घेतली. भिंतीवरच्या स्विचापासून मेन्सची तार त्यांनी बोर्डाच्या मागून नेली, चौकटीच्या पायाला दोन वेढे देऊन ताणली आणि जाळीला पक्की जोडली. फ्यूज काढून तिथे तांब्याची जाड तार घातली. एवढ्याशा चुकीसाठी मुलांची बोटे फोडणाऱ्या माणसाला आपण काय करतो आहोत हे पुरते ठाऊक होते. पहिल्याला झटका बसेल, बाकीचे पळतील, असे त्यांनी धरले होते. स्विच चालू करून ते त्याच्याशीच उभे राहिले, झटका बसताच बंद करायला.

तीनच्या सुमारास जमाव आला. रेटारेटीत व्हरांड्यातला पाण्याचा रांजण फुटला आणि फरशीवर पाणी पसरले. खिडकीतून दगड येऊ लागले. एका दगडाने तात्यांची भुवई फाटली. ते सावरतात तोच दुसऱ्याने स्विचाचे चिनी मातीचे बोंड उडवले. खटका आत, चालूवरच अडकला.

"तोड़ो साला दरवाजा," कुणी तरी म्हणाले, आणि माणिकलालने अनवाणी पायांनी पाण्यात उभे राहून जाळी धरली.

जाळीने त्याला सोडले नाही. मान मागे गेली, दात करकरले, तोंडातून रक्ताचा फेस आला. अनिल नावाच्या मुलाने त्याला मागून मिठी मारून ओढले, तर अनिलच भिंतीवर फेकला गेला. मग कुणीच पुढे होईना. तात्या स्विचाच्या तुकड्यांत बोटे घालून खटका ओढत होते. बोटे चिरली, खटका हलला नाही. जळलेल्या कातडीचा वास आत आला. तार हाताने तुटणारी नव्हती. त्यांनीच तशी बांधली होती.

ते बोर्डाच्या मागे शिरले, पाठ भिंतीला लावली आणि दोन्ही पाय चौकटीवर रोवून सगळ्या जोराने लोटले. बोर्ड आधी कलला, मग आख्खाच्या आख्खा कोसळला. वेढ्यांसकट तार जाळीपासून उखडली. खालच्या फळीवरच्या बॅटऱ्या फुटून तेजाब तात्यांच्या मांड्यांवर गेले. बाहेर माणिकलाल पोत्यासारखा पडला.

पोरे जाळी मोडून आत घुसली. बोर्ड फोडायचा उरलाच नव्हता. त्याच्याच सागवानी पट्ट्या उचलून त्यांनी तात्यांना झोडपले. दोन बरगड्या आणि डावा हात मोडेपर्यंत.

माणिकलाल जगला. त्याची तीन बोटे मात्र कापावी लागली.

प्राचार्य इस्पितळात आले. "सरमंडल, वायरिंग जुनं होतं असं लिहू. तुम्हीही सुटता, कॉलेजही सुटतं."

"माझ्या लॅबचं वायरिंग जुनं नाही," तात्या म्हणाले. "जाळीला तार मी लावली. तसंच लिहा."

कोर्टात तात्यांच्या वकिलाने माणिकलालला विचारले, बोर्ड विद्यार्थ्यांनीच पाडला ना?

"नहीं साब. हम तो बाहर थे. उन्ने खुद गिराया."

"क्यों?"

माणिकलालने पट्टी बांधलेला हात कठड्यावर ठेवला. "मैं चिपका हुआ था."

तात्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. वकील अपील करा म्हणून मागे लागला होता. त्यांनी केले नाही.