बोटीच्या तळातलं पाणी आणि माझी जाऊ

मैत्रिणींनो, आज मी अक्षरशः जळतेय, म्हणून लिहितेय.

मुळा धरणावर आमची छोटी हाऊसबोट आहे. लग्न झाल्यापासून तिचं सगळं मीच बघते. आज सकाळी पाहुणे यायच्या आधी पाहिलं, तर तळात घोटाभर पाणी. उपसलं की पुन्हा भरायचं. बोटीला भोक पडलंय आणि धरणाचं पाणी आत येतंय, असं मी छातीठोकपणे सांगितलं. यांनी बुकिंग रद्द करायला फोनही हातात घेतला.

तेवढ्यात माझी धाकटी जाऊ वैशाली खाली उतरली. माहेर बेलापूरचं, बोटीवर दुसऱ्यांदाच आलेली. तिनं ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं.

"ताई, हे मचूळ लागतंय. धरणाचं तर गोड हाय. आपल्या टाकीतलंच न्हाई ना हे?"

टाकी आम्ही बोअरच्या पाण्यानं भरतो. यांनी फळी उचलली, तर बेसिनचा पाइप जोडापाशी निखळलेला. पंप सगळं पाणी तळात ओतत होता. क्लिप आवळली आणि गळती थांबली.

"वैशालीनं वाचवलं!" यांनी सासूबाईंना फोन करून सांगितलं. माझं असं कौतुक यांनी कधी केल्याचं आठवत नाही.

वैशाली हसत माझ्याकडे आली. "बरं झालं ना, ताई?"

"अंदाज लागला तुझा, एवढंच," मी म्हणाले. तिचा चेहरा पडला.

आता ती आत माझ्याही वाटणीच्या भाकरी थापतेय आणि मी बाहेर फोन घेऊन बसलेय. खरं सांगते, तिचं चुकावं असं मला वाटत होतं, बोट बुडाली असती तरी.

तुमचं असं कधी झालंय? मग तिच्याशी पहिलं वाक्य काय बोललात?