राहिलेले तीन ढीग

परवाच्या रविवारपर्यंत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. कॉर्पोरल हाकिम त्या दिवशी फावडं आणायला गेला नव्हता.

सगळ्यांना ठाऊक असलेली हकीकत अशी आहे: माझ्या सेक्शनमधला हाकिम अमेरिकेतल्या ट्रेनिंगच्या शेवटच्या दिवशी विसरलेलं फावडं आणायला कोरडा ओढा ओलांडून गेला. वरून अचानक लोंढा आला. तो वाहून गेला. ही हकीकत मीच सांगितलेली आहे. चौकशीत सांगितली, नंतर त्याच्या आईला सांगितली, आणि मग इतक्यांदा सांगितली की ते फावडं मला डोळ्यांसमोर दिसू लागलं. फावडं नव्हतंच.

माझे वडील साताऱ्याहून या बेटावरच्या छोट्या देशात, जुरोंगच्या शिपयार्डात, नोकरीला आले. मी इथलाच. सक्तीची नॅशनल सर्व्हिस झाल्यावर मी फौजेतच राहिलो, याचं घरी कुणाला नवल वाटलं नाही. आमच्या गावाकडे घरटी एक माणूस फौजेत असतो. वडील एवढंच म्हणाले, की या बेटाच्या एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू येतं, इथे तुम्ही लढाई शिकणार कुठे? खरं होतं ते. म्हणूनच मोठा सराव आम्ही परदेशात करायचो. मी सार्जंट झालो त्या वर्षी आमची कंपनी अमेरिकेच्या पश्चिमेला गेली.

इतकी मोकळी जमीन आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. सगळी पोरं तेराव्या-चौदाव्या मजल्यावर वाढलेली. हाकिम पहिल्या दिवशी ट्रकच्या टपावर उभा राहिला, चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाला, "सार्ज, इथे घरं बांधणाऱ्या एचडीबीला पाठवा. तीनशे ब्लॉक सहज बसतील."

तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दारूगोळ्याच्या पाऊचमध्ये एक कप्पा संबलच्या, म्हणजे मिरचीच्या ठेच्याच्या, बाटलीसाठी राखून ठेवायचा. माझ्या आईने दिलेल्या चिवड्याला तो 'इंडियन कॉर्नफ्लेक्स' म्हणायचा आणि माझ्याआधी संपवायचा. नकाशा मात्र त्याच्याइतका चांगला कुणी वाचत नसे. कुठलीही वस्तू कधी विसरला नाही. हे मुद्दाम लिहितो आहे.

कॅम्पला पाण्याचा टँकर घेऊन अर्ल नावाचा म्हातारा यायचा. तिथल्या मूळ लोकांपैकी. तोही तरुणपणी त्यांच्या फौजेत होता, त्यामुळे आमचं पटकन जमलं. चिवडा खाऊन त्याला ठसका लागला, तरी दुसऱ्या दिवशी ओंजळ पुढे केली. त्यानेच आम्हाला ओढ्याबद्दल बजावलं होतं. डोक्यावर ऊन असलं तरी आधी लांबच्या डोंगराकडे बघा. डोंगर काळा दिसला तर ओढ्यात पाय घालू नका. पाऊस तिकडे पडतो, पाणी इकडे येतं.

ओढ्यापलीकडे एक बुटकी टेकडी होती. तिच्यावर दगडांचे सात ढीग होते, कमरेएवढे. ते कसले, असं हाकिमने विचारलं. अर्लने टँकरच्या पायरीवर बसून सांगितलं.

आधी गाड्या आल्या, बैलांच्या, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणाऱ्या. त्या फक्त जाणार होत्या. मग गाड्यांच्या राखणीला फौज आली आणि तिने किल्ला बांधला. मग तह झाला, की एवढी जमीन तुमची. मग त्या जमिनीत खाण निघाली आणि तह संपला. अर्लच्या पणजोबांच्या लोकांना बंदुकीच्या पहाऱ्यात इथून चालवत नेलं. ज्यांना चालवेना ते या टेकडीजवळ पडले, आणि पुरण्यासाठी थांबायला फौजेने परवानगी दिली नाही. पुढे जे परतले त्यांनी एकेका घराचा एकेक ढीग लावला. खाली कुणी नाही, अर्ल म्हणाला. नुसती आठवण आहे. त्याच्या घरचा तिसरा.

त्याने हे रागाने सांगितलं नाही. सांगून झाल्यावर नळी गुंडाळली आणि उद्या येतो म्हणाला.

आता आमच्या फौजेची एक सवय सांगायला हवी. एरिया क्लीनिंग. सराव संपला की आम्ही जागा अशी करून ठेवतो की तिथे माणूस आला होता हे कळूही नये. काडतुसांच्या पुंगळ्या वेचायच्या, खड्डे बुजवायचे, आडोसे पाडायचे. यजमान आमचं यासाठी कौतुक करत आणि आम्हाला त्याचा अभिमान होता. शेवटच्या दिवशी दुपारी रेडिओवर कॅप्टनचा आवाज आला. टेकडीवर दगडांचे आडोसे दिसताहेत, कुणी बांधले ते बांधले, पाडून सपाट करा.

ते आडोसे नाहीत, हे मला माहीत होतं. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण चार वाजता इन्स्पेक्शन होतं, आम्ही आधीच मागे होतो आणि मी नवा सार्जंट होतो. गावी वेशीवरच्या दगडाला शेंदूर असतो, म्हणून तो नुसता दगड नाही हे कळतं. इथे कुठे शेंदूर होता? हा युक्तिवाद मी त्या उन्हात खरोखर मनाशी केला.

पोरांना मी कामाला लावलं. हाकिम माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "सार्ज, कॅप्टनला माहीत नाही. तुम्हाला आहे."

मी म्हटलं, "ऑर्डर आहे."

त्याने एकाही दगडाला हात लावला नाही. अर्ध्या तासात टेकडी सपाट झाली. आम्ही ओढा उतरून अलीकडे आलो, मी रेडिओ उचलला आणि म्हणालो, "एरिया क्लिअर. ओव्हर."

"रॉजर. गुड जॉब. आउट."

इन्स्पेक्शन झालं, पास झालो. बाकीचे गाड्या भरायला गेले. हाकिम थांबला.

"आता तपासून झालंय," तो म्हणाला. "मी परत लावून येतो. अर्लला उद्या काय सांगणार तुम्ही?"

मी डोंगराकडे बघितलं. तो काळा होता. आमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन होतं. मी नाही म्हणायला हवं होतं, किंवा त्याच्याबरोबर जायला हवं होतं. पण माझ्या हातून झालेलं दुसरं कुणीतरी गुपचूप निस्तरणार आहे, याचं मला इतकं हायसं वाटलं की मी म्हणालो, "लवकर ये."

तो संबलची बाटली माझ्या हातात देऊन गेला. खिशात जड होते म्हणाला.

लोंढ्याचा आवाज आधी ट्रकसारखा वाटला. गाड्या निघायचा हॉर्न ऐकून हाकिम परतत होता, ओढ्याच्या मधोमध होता. मी ओरडलो. त्याने माझ्याकडे बघितलं, वळून पाण्याकडे बघितलं, आणि पळाला. काठ दहा-बारा पावलांवर होता.

संध्याकाळी तो खाली वळणावर सापडला.

चौकशीत विचारलं, तो पलीकडे कशाला गेला? मी म्हणालो, फावडं विसरला होता. माझ्यावर ठपका येऊ नये म्हणून, दुसरं काही कारण नाही. सगळ्यांचा विश्वास बसला.

निघण्याआधी अर्ल भेटायला आला. तो टेकडीवर जाऊन आला होता. म्हणाला, चार उभे आहेत, आमच्यासारखे लावलेले नाहीत, पण उभे आहेत.  मग म्हणाला, "उरलेले आम्ही लावणार नाही. आमच्या घरची रीत आहे, ज्याने पाडलं त्याने लावायचं." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याला सगळं कळलेलं होतं.

पुढे मी फौज सोडली. रॅफल्स प्लेसला एका बँकेत सुरक्षेचं काम बघतो. हाकिमची आई तोआ पायोहला राहते. मी तिला माकचिक म्हणतो, म्हणजे मलयमध्ये मावशी. दर हरी राया ईदला मी तिच्याकडे जेवतो. ती माझ्या ताटात रेंदांगचा, नारळातल्या मटणाचा, तिसरा डाव वाढते आणि दर वर्षी तेच म्हणते, "माझा हाकिम विसराळू रे. एका फावड्यापायी तुला केवढा त्रास दिला." दर वर्षी ती माझी माफी मागते.

मागच्या आठवड्यात माझी लेक इरा शाळेसाठी अमेरिकेवर स्लाइड्स करत होती. नकाशावर सगळे बाण पूर्वेकडून पश्चिमेकडे. तिने विचारलं, "बाबा, वेस्टला कोणी नव्हतंच ना? एम्प्टी होतं?"

मी म्हणालो, "नव्हतं एम्प्टी. करून घेतलं." आणि मला माझाच आवाज ऐकू आला. एरिया क्लिअर. ओव्हर. तिथून रविवारपर्यंत मी धड झोपलो नाही.

रविवारी मी माकचिककडे गेलो. ती शेंगा निवडत होती. मी समोर बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिचे हात मध्येच थांबले, मग पुन्हा चालू झाले.

"म्हणजे तो काही विसरला नव्हता," ती म्हणाली.

"नाही."

"आणि मी इतकी वर्षं त्याला नावं ठेवली."

 ती उठून आत गेली. आता परत येणार नाही असं वाटलं. ती चहा घेऊन आली, एकच कप, माझ्यासाठी. कप जरा आपटूनच ठेवला.

"किती राहिलेत म्हणालास?"

"तीन."

"तुझे गुडघे ठीक आहेत ना अजून?"

"ठीक आहेत."

"मग जाऊन लाव. माझा मुलगा काम अर्धं टाकणारा नव्हता. आणि ते फावडं आधी काढून टाक."

फावडं मी इथे काढून टाकलं आहे. जुन्या कंपनीतल्या सोबत्यांनी हे वाचावं आणि हाकिमची आठवण काढताना बरोबर काढावी. तो विसराळू नव्हता. माझी चूक सुधारायला गेला होता आणि डोंगर काळा असताना मी त्याला जाऊ दिलं.

अर्ल आता नाही. त्याच्या नातीशी बोललो आहे. ती टेकडी अजून तशीच आहे म्हणाली.

हाकिमने चार ढीग लावले. तीन मला लावायचे आहेत.