चौथं लिंबू

“ब्रेक मार! आरं ब्रेक मार, मुडद्या!” आप्पा कानाशी ओरडत होते.

ब्रेक मी मारलेलाच होता. सीटवरून उठून जवळजवळ त्यावर उभाच होतो. तरी जोतिबाचा घाट उतरताना आमची सेकंडहॅण्ड पांढरी गाडी खेकड्यासारखी तिरपी होऊन दरीकडं निघाली होती. मागं आई, आणि आईच्या मांडीवर माझी सहा महिन्यांची लेक.

आप्पांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, वाहनाचं ज्ञान सायकलीपुरतं. शिरोलीच्या फाउंड्रीत तीस वर्षं सायकलनं गेले. तेवढ्या पायडलांत माणूस काशीला पोचून दोनदा परत आला असता. त्यामुळं गाडी कुणीही चालवो, हुकूम त्यांचा. पण त्या दिवशी चूक त्यांची नव्हती. गाडी का घसरतेय हे आमच्यात एकट्या मला ठाऊक होतं, आणि ते मी आदल्या दिवसापासून पोटात ठेवलं होतं.

जुनी टायरं इतकी गुळगुळीत झालेली की त्यात बघून आप्पा मिशी कोरायचे. शेवटी शाहूपुरीतल्या टायरवाल्या चाचांकडून चार नवी घालून घेतली. काळीकुळकुळीत, अंगावर रबराचे केस. चाचांनी नट आवळता आवळता सांगितलं, “पावणं, पयलं दोनशे किलोमीटर दमानं. घाटाला जाऊ नगा, ब्रेकवर उभं ऱ्हाऊ नगा. नवं टायर म्हंजे नवं पायताण. फरशीवर घसरतंयच. चालून चालून तळ खरबडला की मग जमीन धरतंय.”

“व्हय व्हय,” मी म्हटलं.

घरी आलो तर आईनं टायरांवरून हात फिरवला, “केसं बघ की, वेणी घालू काय?” म्हणाली, आणि ठरवून टाकलं: गाडी आधी जोतिबाला दाखवायची, मग दुसरीकडं. आता मी गल्लीत सांगून ठेवलेलं की आपण रिव्हर्समध्ये पन्हाळा चढतो. तो मी टायर नवं म्हणून घाटाला भितो, असं सांगणार? आप्पांनी वर्षभर तेच ऐकवलं असतं. गप्प बसलो.

सकाळी चार चाकांखाली चार लिंबं ठेवली आणि गाडी पुढं घेतली. तीन फुटली. चौथं, डाव्या मागच्या चाकाखालचं, अख्खंच्या अख्खं सटकलं आणि गटारीत जाऊन पडलं. गल्ली बघत होती.

“कच्चं असंल,” आप्पा म्हणाले. आई दुसरं आणायला वळली, तिलाही थांबवलं. मी गटारीतल्या त्या लिंबाकडं बघत होतो. चांगलं पिवळंधमक होतं.

चढताना काहीच झालं नाही, तेच वाईट. माझी भीती गेली. दर्शन होईस्तोवर श्रावणाची भुरभुर सुरू झालेली. देवळाकडचा गुलाल पाण्याबरोबर वाहत वळणापर्यंत आलेला, रस्त्यावर गुलाबी साय धरलेली. उतरताना त्यावर आलो, आणि डावं मागचं चाक, तेच, आधी सुटलं.

आप्पा ब्रेक म्हणत होते, आई देवाला हाका मारत होती, लेक झोपलेली. मला चाचांचं पायताण आठवलं. ओल्या फरशीवर टाच रोवली की माणूस पाठीवर पडतो. मी ब्रेकवरून पाय काढला. आप्पांनी डोळे मिटले. अडकलेली चाकं फिरायला लागली, फिरता फिरता त्यांना कुठंतरी धरायला जमीन मिळाली, आणि गाडी कठड्याच्या दगडापाशी थांबली. मी लोकांना एक वीत अंतर सांगतो. खरं दोन हात होतं. दोन हातसुद्धा पुष्कळ नसतात.

घरी आल्यावर आप्पांनी गल्लीला सांगितलं, जोतिबानं राखलं. आईनं तर घाटातच नवस बोललेला: परवा जयसिंगपूरवरून पुढं, वाडीच्या दत्ताला, लेकीला घेऊन, ह्याच गाडीनं. मी मान हलवली. चाचांचं बोलणं तेव्हाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाहूपुरीत जाऊन चाचांवर चढलो. “टायर न्हवं, साबण बसवलासा मला. अख्खं घर दरीत चाललं हुतं.”

चाचा दुसऱ्या एका गाडीला जॅक लावत होते. वर बघितलं नाही. “कुठं गेलतासा?”

“जोतिबाला.”

“मी सांगितल्यालं घरात बोललासा?”

“उद्या वाडीला जायचंय,” मी म्हटलं.

जॅकचा दांडा दोनदा खालीवर झाला.

“जाऊन-येऊन चाळीस झालं,” चाचा म्हणाले. “एकशेसाठ ऱ्हायलं.”