बूट घातलेला मीटर

"आमचा मीटर खराब झालाय," साहेब म्हणाले.

मीटर म्हणजे मी. वेल्ह्याच्या बाजूला एका फार्महाऊसवर, मोटरच्या पेटीसमोर चिखलात उताणा पडलो होतो. पक्कड एकीकडे, मी एकीकडे. डावा हात कुणाचा आहे तेच कळत नव्हतं. ओट्यावर चहा पीत बसलेले पुण्याचे पाहुणे हसले. साहेब हसले. आणि खोटं कशाला सांगू, मीही हसलो. सवय. साहेब हसले की आपण हसायचं, मग ते आपल्यावर का असेना.

साहेब म्हणजे आमचे ठेकेदार. भोर शहरातले. वायरिंगची कामं घ्यायचे. व्होल्टेज मोजायचा खरा मीटर त्यांच्याकडं होता. चामड्याच्या कव्हरात, गाडीत पुढच्या काचेपाशी. त्याला हात लावायचा नाही, असा मला पहिल्याच दिवशी हुकूम. एकदा चुकून उचलून दिला, तर त्यांनी त्याची दोन्ही टोकं रुमालानं पुसली. आमची वस्ती गावाच्या कुठल्या अंगाला आहे, ते कामावर घेतानाच विचारून झालं होतं.

मग त्याच हातानं मी काय करायचं? तार बघायची.

"बोट उलटं लाव. आणि चप्पल काढ, चपलेत नीट कळत नाही."

बोटाची पाठ टेकवायची, म्हणजे झटका बसला तर हात तारेला चिकटत नाही. मुंग्या आल्या तर व्होल्टेज पडलेलं. चावा बसला तर पुरं. काहीच नाही झालं तर लाईन बंद. झाला मीटर तयार. सेल नको, कव्हर नको, पडला तर फुटायची भीती नाही.

आणि मी येडा, मला त्याचा अभिमान! भोंगवलीला एका गिरणीवर बोट लावून "एकशे साठ" म्हणालो. साहेबांनी गंमत म्हणून खरा मीटर लावला, तर जवळपास तेवढंच निघालं. गिरणीवाल्यानं पाठ थोपटली. तेव्हापासून माझं नाव मीटर. मी ते गावभर मिरवलं. उत्रोलीला मुलगी बघायला गेलो, तर होणारे सासरे म्हणाले, पंखा फिरेना झालाय. मी चप्पल काढली, बोर्ड उघडला, बोट लावलं आणि डॉक्टरसारखं तोंड करून सांगितलं, "एकशे चाळीस." आतून मुलगी फिस्सकन हसली. लग्न ठरलं. म्हणजे बायकोसुद्धा मी शॉक खाऊनच मिळवली.

तिला मात्र पुढं हसू येईना. माझ्या बोटांच्या पाठी काळ्या पडत चालल्या होत्या. तिनं भोरच्या बाजारातून जाड रबरी तळाचे बूट आणले. "आता अनवाणी काम केलंत तर बघा," म्हणाली.

तेच बूट घालून मी फार्महाऊसवर गेलो. पाहुण्यांसमोर रुबाब. पेटी उघडली, बोट लावलं. काहीच नाही.

"बंद हाय, साहेब."

बूट जाड. वीज पायातून जमिनीत उतरलीच नाही, तर बोटाला काय कळणार? तार सोडवायला पक्कड लावली. पकडीचं रबर कधीच गेलेलं. तेवढ्यात डावं कोपर शेजारच्या लोखंडी खांबाला टेकलं. मग कळलं. सगळंच कळलं.

त्यावर साहेबांचं ते वाक्य. आणि लगेच दुसरं.

"बूट कुणी घालायला सांगितले? काढ. परत बघ."

मी चिखलात बसल्या बसल्या नाडीला हात घातला. खरंच घातला. एका हातानं गाठ सुटेना. मान वर केली तर समोर गाडी. काचेमागं ते चामड्याचं कव्हर. इतक्या जवळ. चिखल लागेल, पडेल, फुटेल, म्हणून ते आत ठेवलेलं.

"न्हाई काढत."

"काय?"

"बूट न्हाई काढत. मीटर गाडीत हाय तुमचा. त्यानं बघा."

ओट्यावरचे कप थांबले. साहेबांनी मीटर आणला. माझा हात लागलाही नव्हता, तरी टोकं पुसली. लावला.

"दोनशे तीस," ते पाहुण्यांना म्हणाले. एवढंच होतं ते. इतकं सोपं.

मला म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस. भावाला पाठव."

मी नाही पाठवला. तोच गेला. "दादा, घरात दोघांनीबी बसून कसं चालंल?" म्हणाला. मी काम मागायला जातो, तर दुसरे ठेकेदार विचारतात, "तो बूटवाला तूच का रं?" आणि काम देत नाहीत.

काल संध्याकाळी भाऊ उजव्या हाताची बोटं तांब्यातल्या पाण्यात बुडवून बसला होता. हसत होता.

"दादा, आज येकशेऐंशी बरोब्बर सांगितलं. साहेबांनी मीटर लावून बघितला. आता मलाच मीटर म्हणत्यात."

माझंच हसू. जसंच्या तसं त्याच्या तोंडावर. बायको चुलीपुढून उठून बाहेर गेली.

मी त्याला समजावलं. शिव्या दिल्या. खांब, कोपर, बूट, सगळं परत सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि सकाळसाठी डबा धुऊन ठेवला. तो ऐकेल असं मला वाटत नाही. साहेब तर नाहीच.

माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांना अजून काही कळत नाही. शर्टाचं बटण बायको लावते. बुटांची नाडी मात्र मी एका हातानं बांधायला शिकलोय.

उद्या मार्गासनीच्या फाट्यावर साहेबांची गाडी येईल. भाऊ चढायच्या आधी मी गाडीच्या पुढं उभा राहणार आहे, बूट घालून. तो कव्हरातला मीटर साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या भावाच्या हातात द्यायचा. तोवर मी हलणार नाही.